पिवळा दगड, हिरवा दगड

रस्ता कुठल्या दर्जाचा आहे, हा प्रश्न बांधकाम खात्यात कुणी कुतूहलापोटी विचारत नाही. तो पैशापोटी विचारला जातो. ग्रामीण मार्ग निघाला तर जिल्हा परिषदेकडे बोट दाखवायचं. प्रमुख जिल्हा मार्ग निघाला तर खर्च आपल्याच उपविभागाच्या माथी. राष्ट्रीय महामार्ग निघाला तर कार्यालय वेगळं, निधी वेगळा आणि रुबाबही वेगळा. शाखा अभियंता म्हणून माझी बरीचशी नोकरी कराड-पाटण पट्ट्यात गेली. मोऱ्या, साइडपट्ट्या आणि पावसाळी दरडी यांनी खाल्ला नसेल एवढा वेळ तिथे ‘दर्जोन्नती’ या एका विषयाने खाल्ला. प्रस्ताव मंजूर झाला की जिल्ह्याच्या नकाशातली रेषा जाड व्हायची. रस्ता मात्र होता तेवढ्याच रुंदीचा राहायचा.

निवृत्तीनंतर पुतण्याने ओपनस्ट्रीटमॅप दाखवला. जगभरचे स्वयंसेवक मिळून बनवतात तो हा नकाशा. कुणीही खातं उघडावं, उपग्रहाच्या चित्रावर रेषा ओढावी आणि तो रस्ता कोण आहे ते लिहावं. वरपासून खाली मोटरवे, ट्रंक, प्रायमरी, सेकंडरी, टर्शरी, अनक्लासिफाइड अशी उतरंड. त्याखाली वस्तीतले रस्ते, शेतातले ट्रॅक, पायवाटा. मला वाटलं, इथे तरी शांतता असेल. निधी नाही, ठेकेदार नाही, आमदार नाहीत. पण बघतो तर तिथेही लोक दर्जावरूनच भांडत होते. एकाने रस्ता प्रायमरी करावा, दुसऱ्याने रात्रीत तो सेकंडरी करावा, तिसऱ्याने दोघांना शहाणपण शिकवावं. पैसा मध्ये नसताना माणसं दर्जासाठी एवढी का झगडतात, या प्रश्नाने मला जुनी पुस्तकं काढायला लावली.

या नकाशाची उतरंड इंग्लंडात जन्मली, आणि जन्माच्या वेळी तीही पैशाचीच होती. १९१९ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये परिवहन मंत्रालय स्थापन झालं. मोटारी वाढत होत्या आणि रस्ते होते कौंटी नि गावोगावच्या मंडळांच्या गळ्यात. मंत्रालयाने रस्त्यांचे वर्ग पाडले. पहिल्या वर्गातल्या रस्त्यांचा निम्मा खर्च सरकार देणार, दुसऱ्या वर्गातल्यांचा पाव. १९२३ पर्यंत याद्या पक्क्या झाल्या. पहिल्या वर्गाला ए हे अक्षर मिळालं, दुसऱ्याला बी. यादीबाहेर उरले ते अनक्लासिफाइड, म्हणजे ज्यांच्या नावावर अनुदान नाही असे. पुढे १९३६ च्या ट्रंक रोड्स कायद्याने सुमारे साडेचार हजार मैलांचे रस्ते मंत्रालयाने थेट आपल्याकडे घेतले. डिसेंबर १९५८ मध्ये प्रेस्टन शहराला वळसा घालणारा पहिला मोटरवे खुला झाला आणि उतरंडीवर आणखी एक पायरी चढली.

इथवर सगळं खात्याला शोभेल असंच आहे. वळण आलं ते पाट्यांमुळे. मोटरवेवरच्या वेगात जुन्या पाट्या वाचता येईनात म्हणून तिथे निळ्या पाट्या आल्या. मग १९६३ मध्ये वॉरबॉइज समितीने बाकीच्या रस्त्यांच्या पाट्यांचाही विचार केला. ए वर्गातल्या रस्त्यांपैकी लांबच्या प्रवासासाठी खरोखर सोयीचे कोणते ते वेगळे काढावेत आणि त्यांना हिरव्या पाट्या लावाव्यात, असं ठरलं. नवे नियम १९६५ च्या जानेवारीपासून लागू झाले. या हिरव्या पाटीला खर्च कोण करतं याच्याशी देणंघेणं नव्हतं. ती चालकाला एवढंच सांगत होती, की लांब जायचं असेल तर इकडून जा. माझ्या दृष्टीने रस्त्यांच्या वर्गवारीच्या इतिहासातली ही मोठी घटना आहे, कारण इथे हिशेबनीस आणि वाटसरू यांची वाट पहिल्यांदा अशी उघडपणे वेगळी झाली.

२००४ मध्ये लंडनमध्ये स्टीव्ह कोस्ट या तरुणाने ओपनस्ट्रीटमॅप सुरू केला. ऑर्डनन्स सर्व्हे ही ब्रिटनची सरकारी नकाशा संस्था. तिचे नकाशे उत्तम होते, पण त्यांच्या वापरावर हक्कांची बंधनं होती. त्या नकाशावरून उतरवून घेणं म्हणजे चोरी ठरली असती. म्हणून स्वयंसेवक जीपीएस घेऊन सायकलीने, पायी, मोटारीने फिरले. मे २००६ मध्ये तर काही जणांनी आइल ऑफ वाइट या बेटावर शनिवार-रविवार मुक्काम ठोकून रस्ते टिपले. अशा माणसाला सरकारी नोंदवही दिसत नाही. त्याला दिसते ती चौकातली पाटी. म्हणून त्यांनी ठरवलं: निळी पाटी म्हणजे मोटरवे, हिरवी पाटी म्हणजे ट्रंक, ए क्रमांकाची पांढरी पाटी म्हणजे प्रायमरी, बी क्रमांक म्हणजे सेकंडरी. त्यामुळे ब्रिटनमधले कितीतरी रस्ते कायद्याने ट्रंक रोड नसूनही या नकाशात ट्रंक झाले. कायद्याची पर्वा नव्हती असं नाही. डोळ्याने पडताळता येईल तेवढंच लिहायचं, हा त्यांचा दंडक होता. सुरुवातीचे रंगही त्याच देशातल्या नकाशांची आठवण देणारे होते: निळा, हिरवा, लाल, नारिंगी, पिवळा. २०१५ मध्ये मुख्य नकाशावरचे निळे-हिरवे रस्ते गेले, पण उतरंड तीच राहिली.

आपल्याकडची उतरंड दुसऱ्या वाटेने आली. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या, मैलाला एक इंचाच्या नकाशांवर रस्त्यांचे भेद आधी अंगावरून केलेले आहेत. खडी घातलेला रस्ता, बिनखडीचा रस्ता, गाडीवाट, लमाणी बैलांची वाट, पायवाट. मात्र खडीच्या आणि बिनखडीच्या रस्त्यांपुढे सूचीत ‘महत्त्वानुसार’ अशी पुस्ती जोडलेली असे. महत्त्व कुणाच्या लेखी, हे सूची सांगत नाही. कलेक्टरच्या आणि पलटणीच्या, असं आपण समजून घ्यायचं.

पैशाची बाजू आली १९२७ मध्ये, आणि ती आणणारा माणूस मराठी होता. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्ते विकास समिती नेमली गेली. दुसऱ्या वर्षी तिने अहवाल दिला: रस्त्यांचा भार प्रांतांना आणि स्थानिक मंडळांना पेलवत नाही, काही रस्ते साऱ्या देशाच्या कामाचे आहेत, तेव्हा पेट्रोलवर जादा कर बसवा आणि तो रस्त्यांसाठी वेगळा ठेवा. गॅलनला दोन आणे. त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला आणि १९३४ मध्ये अभियंत्यांची इंडियन रोड्स काँग्रेस. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. तिथल्या ग्रंथालयाला त्यांचं नाव आहे. रस्त्यावरच्या आम्हा लोकांना मात्र ते पेट्रोलच्या दोन आण्यांसाठी आठवतात.

मग १९४३. महायुद्ध चालू होतं. मध्य प्रांत आणि वऱ्हाडची तेव्हाची राजधानी नागपूर. तिथे प्रांतांचे आणि संस्थानांचे मुख्य अभियंते जमले आणि त्यांनी वीस वर्षांची योजना आखली. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक (आताचे राज्य) महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग हे पाच वर्ग तिथे ठरले, आणि आजही आमच्या नोंदवह्यांत तेच चालतात. प्रजिमा, इजिमा, ग्रामा ही त्यांची कचेरीतली घरगुती नावं. शंभर चौरस किलोमीटरला सोळा किलोमीटर रस्ता, हे उद्दिष्ट होतं. त्याहून मला मोलाचा वाटतो तो दुसरा नियम: शेती विकसित झालेल्या भागातलं एकही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा लांब नसावं. रस्ता किती रुंद, यापेक्षा गावाला तो किती चालावा लागतो, हे माप त्यात आलं.

हिंदुस्थानातले स्वयंसेवक ओपनस्ट्रीटमॅपवर आले तेव्हा या दोन उतरंडी एकमेकींवर बसवाव्या लागल्या. तडजोड सरळ झाली: द्रुतगती मार्ग मोटरवे, राष्ट्रीय महामार्ग ट्रंक, राज्य मार्ग प्रायमरी, प्रमुख जिल्हा मार्ग सेकंडरी, त्याखालचे टर्शरी आणि अनक्लासिफाइड. माझ्यासारख्याचा इथे सुरुवातीला गोंधळ होतो. १९८१ ते २००१ च्या लखनौ योजनेत प्राथमिक म्हणजे द्रुतगती आणि राष्ट्रीय महामार्ग, दुय्यम म्हणजे राज्य आणि प्रमुख जिल्हा मार्ग, आणि तिसरी फळी म्हणजे उरलेलं सगळं. नकाशात राष्ट्रीय आणि राज्य महामार्ग एकेक पायरी सरकलेले. पण तेवढं अंगवळणी पडलं की कागदावर जोड छान बसते. रस्त्यावर उतरलं की ती कुरकुरायला लागते.

कारण आपला दर्जा लेखणीने बदलतो. मार्च २०१४ मध्ये देशात ९१ हजार किलोमीटरच्या आसपास राष्ट्रीय महामार्ग होते. दहा वर्षांत ते १ लाख ४६ हजारांवर गेले, आणि महाराष्ट्रातली लांबी तर दुपटीहून जास्त झाली. यातलं पुष्कळ नवं बांधलेलं नाही. ते राज्य मार्गच होते, अधिसूचनेने वर चढले. मध्यंतरी तर ‘तत्त्वतः घोषित’ अशीही एक अवस्था होती. रस्ता राज्याच्या मनातून उतरलेला आणि केंद्राच्या हाती न पोचलेला. तेव्हा खड्डे भरायचे कुणी, हा प्रश्न मी पुरेसा ऐकला आहे.

माझ्या ओळखीचा रस्ता गुहागर-विजापूर. गुहागरहून चिपळूण, कुंभार्ली घाट चढून पाटण, कराड, विटा, जत आणि पुढे कर्नाटक. हा वर्षानुवर्षं राज्य मार्ग होता. आता तो १६६-ई क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आहे. क्रमांकात शहाणपण आहे, तेही सांगतो. २०१० मध्ये देशभरचे क्रमांक नव्याने पाडले. दक्षिणोत्तर महामार्गांना सम आकडे, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जाणारे. पूर्व-पश्चिम महामार्गांना विषम, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढणारे. तीन आकडी क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे मूळ मार्गाचे. म्हणून कोकणातला जुना १७ आता ६६, आणि रत्नागिरी-कोल्हापूरचा १६६ हा त्याची शाखा. नव्या क्रमांकावरून रस्ता देशाच्या कुठल्या अंगाला आहे ते कळतं. तरी ढाब्यावर विचाराल तर अजून ‘सतरा नंबर’च ऐकू येईल. नकाशात दोन्हींची सोय आहे: चालू क्रमांक एका रकान्यात, जुना दुसऱ्या.

तर कुंभार्ली घाट. अधिसूचना निघाली, कुणीतरी चिपळूण ते कराड सगळी रेषा प्रायमरीची ट्रंक केली. इथे मला त्या भांडणांचं मर्म कळलं. या नकाशावर चालणारी मार्ग शोधणारी सॉफ्टवेअर आहेत. रस्त्याची वेगमर्यादा नोंदवलेली नसेल तर ती दर्जावरून वेग गृहीत धरतात. ओएसआरएम या मुक्त प्रणालीच्या मोटारीसाठीच्या मूळ मांडणीत ट्रंकला ताशी ८५ किलोमीटर धरलेत, प्रायमरीला ६५, सेकंडरीला ५५, टर्शरीला ४०, अनक्लासिफाइडला २५. म्हणजे दिल्लीत राजपत्र छापलं गेलं आणि कुंभार्लीच्या वळणांवर गाड्या संगणकाच्या हिशेबात वीस किलोमीटरने जोरात धावू लागल्या. ज्याने त्या घाटात ऊस भरलेल्या ट्रकच्या मागे पहिल्या गियरमध्ये गाडी घातली आहे, त्याला हसू येईल. रुग्णवाहिकेचा चालक हसणार नाही. दर्जा इथे निधी वाटत नाही, तो वाहतूक वाटतो. कुणाला कुठून पाठवायचं ते ठरवतो. म्हणून माणसं भांडतात, आणि भांडतात ते बरोबर करतात.

लेखणीने दर्जा खालीही येतो. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली. पुढच्या काही महिन्यांत देशभर रस्त्यांच्या दर्जाविषयी एकाएकी केवढी आस्था दाटून आली! कित्येक राज्यांनी शहरांतून जाणाऱ्या महामार्गांचा दर्जा काढायला घेतला. चंडीगड प्रशासनाने तर शहरातले मोठमोठे रस्ते प्रमुख जिल्हा मार्ग म्हणून जाहीर करून टाकले. एका वाहनाचाही मार्ग बदलला नव्हता. सरकारी दर्जा तंतोतंत पाळणाऱ्या नकाशाने त्या वेळी काय करायचं होतं? शहरातल्या हमरस्त्याची रेषा बारीक करून वाटसरूंना गल्लीबोळांतून फिरवायचं?

हा पेच आपला एकट्याचा नाही. अमेरिकेत २००७-०८ मध्ये जनगणना खात्याची रस्त्यांची माहिती या नकाशात एकदम ओतली गेली. माळरानातल्या मातीच्या वाटाही वस्तीतले रस्ते म्हणून आल्या आणि पुढची कित्येक वर्षं स्वयंसेवक त्या निस्तरत बसले. जर्मनीत संघराज्याचा रस्ता प्रायमरी, राज्याचा सेकंडरी, जिल्ह्याचा टर्शरी अशी शासनाच्या कलाने जाणारी मांडणी बरीचशी टिकली, कारण तिथे दर्जा आणि रस्त्याचं अंग यांत फार अंतर पडत नाही. आफ्रिकेसाठी काम करणाऱ्यांनी उलट ठरवलं: दोन मोठ्या गावांना जोडणारा एकमेव रस्ता मातीचा असला तरी तो प्रायमरी असू शकतो. डांबर आहे की नाही, ते पृष्ठभागाच्या वेगळ्या रकान्यात लिहा.

मला हा आफ्रिकी तोडगा सह्याद्रीला मानवणारा वाटतो. इथे रस्त्याचं महत्त्व आणि त्याचं अंग यांची फारकत जुनीच आहे. जुन्नरला कल्याण-सोपाऱ्याशी जोडणारा नाणेघाट सातवाहन काळी व्यापाराचा राजमार्ग होता. आज नकाशात तो पायवाट आहे, आणि ते बरोबर आहे. बोरघाटातला रस्ता सर जॉन माल्कम यांनी १८३० मध्ये खुला केला, तेव्हा देशावरून मुंबईला चाकाची वाहतूक सुरू झाली. त्याच घाटात आज जुना महामार्ग आणि २००२ मध्ये पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग काही अंतर एकाच पट्ट्यावरून जातात. घाटाला दोन दर्जांसाठी दोन कडे फोडून द्यायला सवड नव्हती.

म्हणून माझं म्हणणं असं: क्रमांक शासनाचा, तो राजपत्राप्रमाणे बिनचूक लिहावा. किलोमीटरच्या दगडाचा माथा पाहावा. पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग, नारिंगी असेल तर ग्रामीण रस्ता. आपल्याकडची हीच ती पडताळता येणारी पाटी. फक्त दर्जोन्नतीनंतर रंगाचा डबा यायला काही वर्षं लागतात, हे ध्यानात ठेवावं. रुंदी, मार्गिका, पृष्ठभाग, वेग हे ज्याच्या त्याच्या रकान्यात मोजून लिहावं. घाटात तर वेग लिहिल्याशिवाय उठूच नये. आणि वर्ग ठरवताना मात्र रस्ता कुणाला कुठे नेतो ते पाहावं.

ते कसं पाहायचं, याला आमच्या भागात एक साधं माप आहे. एसटी. १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला पहिली गाडी सुटली, तेव्हापासून या राज्यात रस्त्याचं महत्त्व एसटीच्या वेळापत्रकाइतकं प्रामाणिकपणे कुणी नोंदवलेलं नाही. ज्या रस्त्याने पावसाळ्यातही गाडी जाते आणि पलीकडच्या तालुक्याला पोचते, तो टर्शरीच्या खाली नसावा, मग नोंदवहीत तो ग्रामा असो. ज्याने फक्त मुक्कामी गाडी गावात येते आणि सकाळी परतते, तो अनक्लासिफाइड. जिथे ती येतच नाही आणि बैलगाडी-ट्रॅक्टर जातो, ती पाणंद, म्हणजे ट्रॅक. पाणंदीच्या बाबतीत हात जपून चालवावा. तिच्यावरून मामलेदार कोर्टात १९०६ च्या कायद्याखाली दावे चालतात, भाऊबंदकी पेटते. उपग्रहाच्या चित्रात दिसली म्हणून ती सार्वजनिक वाट ठरत नाही. गाव नकाशात तिची तुटक रेषा आहे का, ते तलाठ्याकडे पाहून यावं.

आणि बदल करताना कारण लिहावं. संपादन जतन करताना टिपणासाठी जागा असते. बहुतेक जण तिथे ‘रस्ता सुधारला’ एवढं लिहून मोकळे होतात. आमच्या सरकारी प्रस्तावांत चांगला भाग एकच होता, त्यातले रकाने: लांबी किती, गावं किती जोडली जातात, लोकसंख्या किती, बाजार कुठे, दवाखाना कुठे, पावसाळ्यात किती दिवस बंद. ते भरायला मी कनिष्ठांना ओरडून पाठवत असे, आणि शेवटी निर्णय मात्र शिफारसपत्राच्या वजनावर होई. या नकाशात शिफारसपत्राला जागाच नाही. मग रकाने तरी भरूया. बाजार, दवाखाना, पावसाळा हे लिहून कुणी माझा सेकंडरी टर्शरी केला तर मी तो परत चढवत नाही.